मॉरिशसचं हवामान आणि ऋतू : राजूरच्या माणसानं कधी जावं, काय पाहून जावं

लग्नानंतर फिरायला, मुलगा नोकरीला लागला म्हणून आई-वडिलांना घेऊन, किंवा चार भावांची कुटुंबं मिळून मॉरिशसला जाणारी माणसं आता मराठवाड्यातही दिसू लागली आहेत. एजंट पॅकेजचा भाव सांगतो, हॉटेलचे फोटो दाखवतो, पण त्या तारखांना तिथं कोणता ऋतू असेल हे क्वचितच सांगतो. वर्षभर साठवलेला पैसा पावसात हॉटेलच्या खोलीत बसून जाऊ नये, म्हणून ही माहिती.

एकच अक्षांश, उलटे ऋतू

भोकरदन तालुक्यातलं राजूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर. म्हणजे विषुववृत्तापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच, फक्त एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या. त्यामुळं तिथले ऋतू आपल्या उलट चालतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत स्वेटर निघतात तेव्हा तिथं उन्हाळा असतो. आपल्याकडं जून-जुलैत पेरण्या होतात तेव्हा तिथं हिवाळा असतो.

सगळ्यात सोपी खूण गुलमोहराची. आपल्याकडं तो एप्रिल-मेमध्ये फुलतो. मॉरिशसमध्ये तोच गुलमोहर नोव्हेंबर-डिसेंबरात लालभडक होतो. हे झाड मूळचं शेजारच्या मादागास्करचं, म्हणजे तिकडचं घर त्याला जवळचं. आंबाही तिथं नोव्हेंबरपासून सुरू होतो आणि लिची नोव्हेंबर-डिसेंबरात येते. मे महिन्यात तिथं जाऊन कुणी आंबा शोधू नये.

सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा दिवसही उलटा आहे. राजूर परिसरात तो मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, जुलैत ढगांमुळं कळत नाही एवढंच. मॉरिशसमध्ये तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि जानेवारीच्या २० तारखेच्या आसपास असतो. जून-जुलैत तिथं दुपारचा सूर्य उत्तरेकडं झुकलेला दिसतो. नवख्या माणसाची दिशा इथंच चुकते.

दोनच ऋतू

आपल्यासारखे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ठळक ऋतू तिथं नाहीत. तिथले लोक दोनच मोजतात. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा. मे आणि ऑक्टोबर हे मधले महिने.

उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश आणि हिवाळ्याचं २०.४ अंश सेल्सिअस. म्हणजे दोन ऋतूंत फरक जेमतेम ४.३ अंशांचा. जानेवारी-फेब्रुवारी हे सगळ्यात गरम महिने. तेव्हा दिवसाचं कमाल तापमान सरासरी २९ अंशांच्या आसपास असतं, किनाऱ्यावर त्याहून दोन-तीन अंश जास्त. जुलै-ऑगस्ट सगळ्यात थंड, रात्रीचं किमान सरासरी १६ अंशांच्या आसपास.

आता राजूरचं पाहा. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हातपाय गारठतात. अक्षांश सारखा असून एवढा फरक का? कारण समुद्र. पाणी हळू तापतं आणि हळू थंड होतं. मॉरिशस चहूबाजूंनी हिंदी महासागरात आहे, त्यामुळं तिथली हवा कधी फार चढत नाही, कधी फार उतरत नाही. आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोरड्या पठारावर. आपली जमीन लवकर तापते आणि रात्री लवकर निवते.

पण ३० अंश म्हणजे काहीच नाही, असं समजून जाऊ नये. आपला उन्हाळा कोरडा आहे, घाम लगेच सुकतो. तिथं हवेत दमटपणा असतो, घाम अंगावर राहतो. ऊनही थेट डोक्यावरचं आणि पांढऱ्या वाळूवरून परत उसळणारं. वारा गार लागतो म्हणून लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी पाठ भाजलेली असते. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि भरपूर पाणी हे उन्हाळ्यात हवंच.

पाऊस कुठं किती

बेटावर वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला दोन तृतीयांश नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात ओले, ऑक्टोबर सगळ्यात कोरडा. आपल्यासारखा चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं, असा प्रकार नाही. हिवाळ्यातही सरी येतात, पण बहुतेक हलक्या आणि थोड्या वेळाच्या.

मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. एवढ्याशा जागेतही पाऊस सगळीकडं सारखा नाही. मधल्या उंच पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर काही भागांत १,००० सुद्धा होत नाही. कारण आपल्या सह्याद्रीसारखंच. वारा वर्षभर आग्नेयेकडून येतो, पठाराला अडतो, वर चढतो, पाणी टाकतो. पलीकडच्या उतारावर पोहोचेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. महाबळेश्वरला बदाबदा कोसळणारा पाऊस फलटणला का पोहोचत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला मॉरिशस लगेच कळेल.

त्यामुळं हॉटेल कुठल्या बाजूला आहे हे तारखेइतकंच महत्त्वाचं आहे.

पश्चिम किनारा (फ्लिक-अँ-फ्लाक, ल मॉर्न) : सगळ्यात कोरडा आणि गरम. हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा मिळतो. जून ते सप्टेंबरात लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर ही बाजू बरी.

उत्तर (ग्रँ बे) : बऱ्यापैकी कोरडं, बाजार आणि वर्दळ जास्त.

पूर्व किनारा (बेल मार) : वाळू सुंदर, पण जुलै-ऑगस्टात वारा सतत आणि जोराचा. उन्हाळ्यात मात्र हाच वारा सुखाचा वाटतो.

मधलं पठार (क्युरपिप) : समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. किनाऱ्यापेक्षा काही अंशांनी थंड, ढगाळ, ओलं. जुलैमध्ये इथं स्वेटर लागतोच. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना अर्ध्या तासाच्या अंतरावर क्युरपिपला छत्री उघडावी लागते.

समुद्राचं पाणी हिवाळ्यात २२ अंशांच्या आसपास आणि उन्हाळ्यात २७ पर्यंत असतं. ऑगस्टात पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा येतो, लहान मुलं थोड्याच वेळात कुडकुडायला लागतात.

चक्रीवादळं : स्वस्त पॅकेजमागचं कारण

जानेवारी ते मार्चमध्ये पॅकेज एकदम स्वस्त दिसलं तर आधी हे वाचा. दक्षिण हिंदी महासागरात चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत असतो आणि त्यातही जोर जानेवारी ते मार्चमध्ये. दरवर्षी वादळ बेटावर येऊन आदळतंच असं नाही. बरीच बाजूनं निघून जातात. पण जवळून गेलेलं वादळसुद्धा दोन-तीन दिवसांचा पाऊस आणि वारा देऊन जातं.

फेब्रुवारी १९६० मधलं ‘कॅरोल’ तिथले जुने लोक अजून विसरलेले नाहीत. महिनाभर आधीच, जानेवारीत, ‘ॲलिक्स’ येऊन गेलं होतं. कॅरोलचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेले आणि गवताच्या, पत्र्याच्या घरांची दाणादाण उडाली. आज मॉरिशसमध्ये साधी घरंसुद्धा सिमेंट-काँक्रीटची आणि सपाट छताची दिसतात, त्यामागं या वादळाचा मोठा हात आहे. पुढं १९७५ चं ‘जर्व्हेज’, १९९४ चं ‘हॉलंडा’, २००२ चं ‘दिना’ यांनीही मोठं नुकसान केलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ बेटाजवळून गेलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या.

वादळाच्या इशाऱ्याचे तिथं एक ते चार असे वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे वादळ दूर आहे, लक्ष ठेवा. दुसऱ्यात तयारी पुरी करायची. तिसऱ्यात बस बंद होतात, सगळे घरी परततात. चौथ्यात कुणीही बाहेर पडायचं नाही. हे वर्ग मुळात वाऱ्याच्या वेगावर बेतलेले आहेत, हे लक्षात ठेवा. वर्ग कमी आहे म्हणजे पूर येणार नाही असं नाही. ३० मार्च २०१३ ला तर चक्रीवादळ नसतानाच पोर्ट लुईसमध्ये थोड्या वेळात तुफान पाऊस झाला आणि अचानक आलेल्या पुरात ११ जणांचा जीव गेला. डोंगर शहराला चिकटून आहेत, पाणी उतरायला वेळ लागत नाही.

या काळात जायचंच असेल तर तीन गोष्टी करा. परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांची सुट्टी हातात ठेवा, कारण वादळात विमानतळ बंद राहतो. बीपी, शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या जास्त घ्या. आणि तिकीट, हॉटेल पुढं ढकलता येईल का, हे पैसे भरण्याआधी कागदावर लिहून घ्या. एजंटचं तोंडी “होऊन जाईल भाई” त्या वेळी कामाला येत नाही.

उन्हाळ्याच्या पावसात डासही वाढतात. २००६ मध्ये तिथं चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, डेंग्यूही होतो. डासांचं मलम सोबत असू द्या.

राजूरच्या पावसाशी त्याचं नातं

हे फक्त फिरणाऱ्यांसाठी नाही, शेतकऱ्यांनीही वाचावं. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांना मिळून मस्कारीन बेटं म्हणतात. आपल्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात या बेटांच्या दक्षिणेला समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. त्याला हवामानशास्त्रात ‘मस्कारीन हाय’ म्हणतात. तिथून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळतात आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडं येतात. हा दाब चांगला असला तर मोसमी वाऱ्यांना जोर मिळायला मदत होते. म्हणून मोसमी पावसाचा अभ्यास करणारे या पट्ट्यावर नजर ठेवून असतात.

म्हणजे जुलैमध्ये बेल मारच्या किनाऱ्यावर जो वारा टोपी उडवतो, तो ज्या वाऱ्यांच्या साखळीतला आहे, तीच साखळी पुढं राजूरच्या कापूस-सोयाबीनला पाऊस आणते.

पाण्याची टंचाई हा आपला जुना दुखणा. जालना जिल्ह्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबांच्या तोंडी आहे आणि २०१२-१३ मध्ये वाळलेल्या मोसंबीच्या बागा आपण डोळ्यांनी पाहिल्या. मॉरिशसला आपल्या जवळपास तिप्पट पाऊस, मग तिथं पाण्याचं सुख असेल असं वाटतं. पण तिथंही ऑक्टोबर ते डिसेंबरात तलाव खाली जातात. मार ओ वाक्वा हा तिथला सगळ्यात मोठा साठा. उन्हाळ्याचा पाऊस लांबला की नळाला तास ठरवून पाणी सोडतात. बेट लहान, उतार जास्त, पडलेलं पाणी बघता बघता समुद्रात. पाऊस किती पडतो यापेक्षा किती थांबतो, हा हिशोब तिथंही तोच आहे. हॉटेलात टाकी भरलेली असते म्हणून पाहुण्याला कळत नाही. वजू करताना नळ जपून सोडावा, एवढं तर आपण करू शकतो.

दगडाचंही नातं आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण वर आला, त्याच जागेवर नंतर मॉरिशस तयार झालं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथल्या उसाच्या शेतात काढून रचलेले काळे दगडांचे ढीग पाहिले की आपल्या बांधावरचेच वाटतात.

रोजा, नमाज आणि दिवसाची लांबी

मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. तिथं डिसेंबरच्या शेवटी सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. जूनच्या शेवटी पावणेसातला उगवतो आणि पावणेसहाच्या आतच मगरिब होते. म्हणजे जूनमध्ये फिरायला दिवस लहान मिळतो, संध्याकाळचा कार्यक्रम त्या हिशोबानं आखा.

याचा परिणाम रोजावरही होतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी, असा दोनदा सुरू होईल. त्यानंतरची दोन-तीन वर्षं तो डिसेंबर-नोव्हेंबरात राहील. तेव्हा राजूरमध्ये रोजा सव्वाबारा तासांच्या आसपासचा आणि थंडीतला असेल. मॉरिशसमध्ये त्याच दिवशी तो साडेचौदा तासांच्या पुढं आणि दमट उन्हातला असेल.

किब्ल्याची दिशा राजूरहून जवळपास सरळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं. मॉरिशसहून ती उत्तरेला, थोडी पश्चिमेकडं झुकलेली. सवयीनं मावळतीकडं तोंड करून उभं राहिलं तर चूक होईल.

मशिदी शोधाव्या लागत नाहीत. मॉरिशसमध्ये मुस्लिम लोकसंख्या सुमारे १७ टक्के आहे. पोर्ट लुईसची जुम्मा मशीद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली आहे, आणि प्लेन व्हेर्त हा तिथला मुस्लिम वस्तीचा जुना भाग. हलाल जेवण, बिर्याणी सहज मिळते. ईद-उल-फित्रला सार्वजनिक सुट्टी असते.

मराठी ऐकू येतं

२ नोव्हेंबर १८३४ ला भारतातून मजुरांचं जहाज पोर्ट लुईसला लागलं. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख गिरमिटिया मजूर आप्रवासी घाटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकण आणि घाटावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत आणि शाळांत मराठी शिकवली जाते. आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. समुद्रकिनाऱ्यांच्या यादीत मुलांना दाखवण्यासारखी ही एक जागा नक्की टाका. आपल्याकडं ऊसतोडीला दिवाळीनंतर टोळ्या निघतात. तिथली ऊसतोड जून-जुलैत सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. ऋतू उलटा, कष्ट तेच.

महिन्यांचा हिशोब

जानेवारी ते मार्च : गरम, दमट, पावसाचे. वादळाचा सगळ्यात जास्त धोका. भाव बऱ्याचदा कमी.

एप्रिल : पाऊस ओसरू लागतो, डोंगर हिरवे, समुद्र अजून कोमट.

मे : हवा सुखाची. आपल्या शाळांच्या सुट्टीत बसणारा महिना. मात्र २०२७ मध्ये बकरी ईद मेच्या मध्याला आणि २०२८ मध्ये मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते. चंद्र पाहून एक दिवस इकडं-तिकडं धरा आणि ईद घरी करायची असेल तर तिकीट त्याप्रमाणं काढा.

जून ते ऑगस्ट : थंड, वाऱ्याचे, दिवस लहान. पश्चिम किनारा निवडा, स्वेटर घ्या.

सप्टेंबर : वारा कमी होऊ लागतो, हवा कोरडी.

ऑक्टोबर : सगळ्यात कोरडा.

नोव्हेंबर : ऊन वाढतं, गुलमोहर आणि लिची सुरू. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

डिसेंबर : गरम, गर्दीचा. नाताळामुळं भाव सगळ्यात चढे.

थोडक्यात, राजूरच्या कुटुंबासाठी मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन वेळा हवा, शाळेची सुट्टी आणि खिसा या तिन्ही बाजूंनी बऱ्या पडतात. आपण मेमध्ये ४२ अंशांतून निघतो आणि मुंबईहून साधारण सहा तासांत २५ अंशांत उतरतो. परत येताना मात्र पुन्हा त्याच उन्हात यायचं आहे, त्यामुळं लहान मुलांना घरी आल्यावर दोन दिवस दुपारी बाहेर सोडू नका.